धुरपदावहिनीची सव्वा मूठ

पहाटे चारला वहिनीचा दिवस सुरू व्हायचा. पाणी, चूल, दोन वेळच्या भाकरी, आणि मग अंधारातच जिनाची वाट. धुळ्यातल्या त्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ती कार्तिकापासून चैत्रापर्यंत रेच्यावर बसायची. हंगाम संपला की लोकांच्या शेतात निंदणीला जायची. असं तिने तीस वर्षं केलं.

रेच्याचं काम लांबून सोपं दिसतं. फिरत्या रुळापुढे कापूस टाकत राहायचा. रुई पुढे निघते, सरकी खाली पडते. पण मूठ मोठी पडली की रूळ चोंदतो. लहान पडली की रिकामा फिरतो आणि मुकादम अंगावर येतो. दिवसभर एकसारखी मूठ टाकणं हेच त्यातलं कसब. मी शेजारच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायचो. माझ्या कामाला ताकद लागायची, तिच्या कामाला लक्ष. ताकद जेवल्यावर परत येते. लक्षाचं तसं नाही.

धुरपदाबाई ही माझ्या थोरल्या भावाची, झुलालची बायको. आम्ही एरंडोलकडचे. प्लेगात झुलाल गेला आणि वाटण्या करणाऱ्यांनी तिच्या वाट्याला दोन भांडी आणि एक गोधडी ठेवली. ती लहान मुलाला घेऊन धुळ्याला आली. मी तिच्या मागोमाग आलो.

वहिनी हेवेखोर होती. शेजारणीची भाकरी फुगली तरी ती त्या चुलीकडे डोळे बारीक करून बघायची. पण तिचा हेवा आळशी नव्हता. दुसऱ्या बाईच्या रेच्यावर जास्त रुई निघाली, तर ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन रूळ पुसून बसलेली असायची. तिला कमी लेखणारे पुष्कळ होते. तिच्याइतकं काम करणारी मी एकही पाहिली नाही.

मुलाचं नाव सुपडू. त्याच्या आधीची दोन गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सुपात घालून उंबऱ्यापर्यंत ओढला, आणि तेच नाव ठेवलं. जिनात तो रुईच्या ढिगाशेजारी बसायचा. हवेत सगळी कापसाची तूस. तो खोकायला लागला. रात्रभर खोकायचा. मिशनच्या दवाखान्यात एक मडम होती, तिने त्याची छाती तपासली आणि सरळ सांगितलं की जिनात ठेवलात तर हा वाचणार नाही. मिशनचं बोर्डिंग होतं. वहिनीने आठ दिवस विचार केला आणि त्याला तिथे नेऊन घातला.

खोकला गेला. पोरगा भरला. वहिनीचा हेवा तिथून खरा सुरू झाला.

रविवारी दुपारनंतर पोरं घरी सोडायची. वहिनी त्याला न्हाऊ घालायची, डोक्याला तेल चोपडायची, आणि तो आठवडाभरातलं सांगायचा. त्यात मडमच जास्त. मडमने हे शिकवलं, मडमने ते दिलं. बोर्डिंगातली सगळी मुलं मडमला आई म्हणत. हाही म्हणायला लागला.

"मले माय म्हनस, तिले आई म्हनस," वहिनी मला म्हणाली. "जास्त कोन, झिपरूभाऊ?"

मी म्हटलं, "वहिनी, मुलगा जिवंत आहे ना?"

"म्हनीसनच तर गप बसस."

गप्प बसत मात्र नव्हती. रेच्यावर बसल्या बसल्या बोलायची. यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही. एकदा मी पट्ट्या न्यायला आत गेलो तेव्हा तिच्या मागे उभा होतो. ती येशूशी बोलत होती. रविवारी मुलाला आणायला लवकर जायची आणि मिशनच्या देवळात मागे बसून उपदेश ऐकायची, त्यातून तिने तेवढा एक माणूस उचलला होता.

"तू सुतार व्हता," ती म्हणत होती. "सांजले हात कसा ठनकतस, ते तुले सांगनं पडत नही."

आणि प्रत्येक मुठीला एक नाव. सुपडू. झुलाल. गेलेली दोन पोरं. माझं. शेजारच्या रेच्यावरची बाई, जिच्यावर ती जळायची, तीही. मडमचं नाव मी ऐकलं नाही.

सुपडू सोळा वर्षांचा झाला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव ठेवलं शमुवेल. वहिनीला हे आधी विचारलं होतं, तिने हो म्हटलं होतं. पण नाव ऐकून ती देवळाबाहेर येऊन उभी राहिली.

"सूप मनं, पोऱ्या मना, आनि नाव यासनं?"

आता कानबाईचं सांगायला हवं. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड भाकरीसाठी, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. पाळण्यातल्या पोराचेही काढायचे. ते एकत्र दळायचे. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, उष्टं टाकायचं नाही. ज्याची मूठ रोटात, तो कुळात. मी तोवर जळगावच्या प्रेसमध्ये गेलो होतो आणि कानबाई माझ्या घरी बसत असे. वहिनी दर श्रावणात चाळीसगावावरून गाडी बदलून यायची, पदराच्या गाठीत सुपडूच्या नावचे गहू घेऊन. पदरात आधीच मोजून आणलेले. माझ्या बायकोने पुन्हा मोजले तरी दाणा कमी-जास्त नसायचा.

बाप्तिस्म्याच्या वर्षी ती आली तेव्हा आमचा चुलता पुनाआबा ओसरीवर बसला होता. त्याने तिची गाठ सोडूच दिली नाही.

"बाटेलनी मूठ रोटमां नही चाले, धुरपदा."

"रक्त झुलालनं शे, आबा."

"रक्त राहू दे. त्याना देवले इचार, तो आमना रोट खाई का? नही खाई. मंग आमीन त्याना गहू कसाले खावाना?"

बोलणं चुकीचं नव्हतं. वहिनीने गहू परत नेले. त्यानंतर ती श्रावणात आली नाही.

सुपडू शिकला, उपदेशक झाला, आणि मिशनने त्याला पिंपळनेरला नेमलं. पश्चिमेकडे, डोंगराच्या पायथ्याशी. चाळीसेक माणसांची मंडळी, मातीच्या भिंतींचं देऊळ. त्याचं लग्न बोर्डिंगातल्याच प्रमिलाशी झालं. प्रमिला अनाथ, मडमनेच वाढवलेली. मडमने मुलगा नेला तो नेला, सूनही तिनेच दिली, असं वहिनीचं गणित. सुपडूची भाषासुद्धा मडमच्या शाळेतली झाली होती. आईशीही तो पुस्तकासारखं बोलायचा.

दोन वर्षांनी वहिनीने स्वतःच बाप्तिस्मा मागितला. मी विचारलं, एकाएकी का?

"वर ती मडम राही, सून राही," ती म्हणाली. "मना पोऱ्याना बाजूले बसाले मी नको?"

बाप्तिस्म्याआधी प्रश्न विचारतात. धुळ्याच्या पाळकांनी विचारलं, येशूवर विश्वास आहे का?

"शे."

"तो तुमचा तारणारा आहे, हे कशावरून म्हणता?"

"रोज बोलस मी त्यानासंगे."

"तो उत्तर देतो?"

"नही. पन आयकस. घरमां दुसरं कोन आयकस?"

पाळक हसले आणि तिला घेतलं. तिचा विश्वास खोटा होता असं कोणी म्हणू नये. हेव्याने ती दारापर्यंत गेली असेल. आत ती आधीपासूनच होती.

पुढे प्रमिलाला मुलगा झाला. ईस्टरचे दिवस होते. बाळंतिणीचं करायला वहिनी पिंपळनेरला गेली आणि नातू बघायला मीही गेलो. ईस्टरच्या सकाळी देवळात प्रभुभोजन असायचं. भाकर मोडून सगळे एकेक तुकडा घेतात, ते. ती भाकर नेहमी प्रमिला करायची. उपदेशकाच्या बायकोचा तो मान. आता ती बाळंतीण, म्हणून काम सासूकडे आलं. प्रमिलाला ते आवडलं नव्हतं. खाटेवरून ती दोनदा म्हणाली, "सासूबाई, छोटीशीच करा हं. तळहाताएवढी. मी तशीच करते."

"तू करस तशी तू कर," वहिनी म्हणाली. "मी मनी करसू."

आदल्या संध्याकाळी ती गहू काढायला बसली. मी ओसरीवर होतो. तिचे ओठ हलत होते. पुष्कळ वेळ हलत होते. मग तिने दळलं. एवढं पीठ कशाला, हे मी विचारलं नाही. सणाला पाहुणे असतात.

सकाळी देवळात गर्दी होती. मी हिंदू, म्हणून दाराबाहेर ओट्यावर बसलो. तिथून सगळं दिसत होतं. मडम धुळ्याहून मुद्दाम आली होती आणि पुढे खुर्चीवर बसली होती. केस पांढरे झाले होते. वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन आली आणि मेजावर ठेवलं. वरचं फडकं काढलं. आत परातीएवढा जाड रोट. भाजून लाल झालेला, तुपाने चमकणारा.

सुपडूने बघितलं. "माय, एवढी भाकर कशाला?"

"चाळीस मानसं शेतस. प्रत्येकनी सव्वा मूठ."

"कसली सव्वा मूठ?"

"तुनी, प्रमिलानी, पोऱ्यानी, चिंधाआबानी. बठ्ठासनी. नाव लिसन टाकी." तिचा चेहरा फुलला होता. मागे वळून तिने सगळ्यांना सांगितलं, "आते कोनी उष्टं सोडानं नही. तुकडा बाहेर जावाना नही. आपलं कुळ एक ना आते?"

रोटात बायकांची मूठ नसते. हिने बायकांचीही धरली होती. आमच्या कुळाने परत केलेली मूठ ती या नव्या कुळात घेऊन आली होती, आणि पोटभर आणली होती.

मंडळीच्या पंचांपैकी चिंधाआबा सगळ्यात म्हातारे. रानात राखण करणारे. त्यांना सुपडूचा चेहरा दिसत नव्हता. ते मजेत म्हणाले, "धुरपदा, मनी शे ना नक्की?"

"शे, आबा."

"आनि मनी म्हैसनी?"

"तुमनी म्हैस बाप्तिस्मा लेई तर टाकसू."

सगळे हसले. बायका पदर तोंडाशी घेऊन हसल्या. त्या हसण्यातच आबांनी पुढचं विचारलं, सहज.

"आनि मडमनी?"

टोपल्याच्या कडेवर वहिनीचा हात होता, तो तसाच राहिला. हसणं थांबलं. मडमने एकदा वहिनीकडे पाहिलं आणि मग खाली, स्वतःच्या हातांकडे.

सुपडूचं लक्ष त्याकडे नव्हतंच. तो रोटाकडे बघत होता. लहानपणी त्याने तो खाल्लेला होता. "हा कानबाईचा रोट आहे," तो म्हणाला. "हा प्रभूच्या मेजावर राहणार नाही."

त्याने स्वतः टोपलं उचलून बाहेर आणलं आणि ओट्यावर माझ्याजवळ ठेवलं. आत चिंधाआबांच्या घरची ज्वारीची भाकर आणून मोडली. वहिनी बाहेर येऊन बसली. काही वेळाने तिने रोटाचा तुकडा मोडला आणि खायला लागली. मलाही दिला. मी भाऊबंद, मला चालत होता. आम्ही दोघांनी पोट दुखेपर्यंत खाल्ला. आत गाणं चालू होतं. उरलेला कुंपणाशी खड्डा करून पुरला. रोटाचा नियम तसाच आहे.

मडम त्याच दुपारी निघून गेली.

मडमची गाडी गेल्यावर मायलेकांचं बोलणं झालं. सुपडू ओरडला नाही. तो ओरडणारा नव्हताच.

"माय, देव एकच आहे. त्याला दुसरा देव खपत नाही. तो ईर्ष्या करणारा देव आहे, असं शास्त्र सांगतं."

"म्हंजे जळस?"

सुपडू थांबला. "तसं म्हण."

"मंग त्यानं आनि मनं जमाले काय हरकत शे? मीबी जळस. तो जळस ते पवित्र, आनि मी जळस ते पाप?"

खाटेवर प्रमिला तोंडावर पांघरूण ओढून हसली. मीही तोंड फिरवलं. सुपडू नाही हसला. त्याचे डोळे भरले होते.

"माय, इथली माणसं वाघदेव सोडून आली आहेत. कोणी भावांना सोडून आलंय. त्यांना मी सांगितलं की सगळं सोडा. माझ्या आईने मेजावर रोट आणला आणि मी खाल्ला, तर उद्या त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

मंडळीच्या पंचांनी ठरवलं की कानबाई देव नाही असं धुरपदाबाईने उभं राहून म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजन मिळणार नाही. ठराव मांडणारा सुपडूच होता.

"कानबाई मी कसाले सोडू?" वहिनी मला म्हणाली. "तिना लोकसनी माले कधीच सोडं."

ती धुळ्याला परत आली, परत रेच्यावर बसली. रविवारी देवळात जायची. तुकड्यांचं ताट पुढे आलं की न घेता शेजारणीकडे सरकवायची. मग आठवडाभर त्या शेजारणीवर जळायची. "नवराले शिव्या दिसन येस, आनि तुकडा खास," असं मला सांगायची. दोन बाकं पुढे मडम बसायची. चार वर्षं त्या दोघी एका छपराखाली बसल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पिंपळनेरला ती वर्षातून एकदा जायची, नातवासाठी. पण सुपडूच्या घरचं खायची नाही. आपली भाकरी बांधून न्यायची आणि ओसरीवर बसून, पाठ फिरवून खायची. ज्याच्या मेजावर मी नको, त्याच्या चुलीवरचं मला नको, असा तिचा हिशोब. सुपडूला हे फार लागलं. देवळात चाळीस माणसांना तो हाताने तुकडा द्यायचा आणि घरात आई त्याच्या हातचं पाणी घ्यायची नाही. तो वाळला. एकदा जळगावला माझ्याकडे आला आणि जेवता जेवता हात थांबवून बसला.

"काका, तिला सांगा. एक वाक्य बोल म्हणावं. मनापासून बोलायचं मात्र. खोटं बोलून मला नको."

"तू नियम काढून का टाकत नाहीस?"

"माझ्या आईसाठी काढला तर तो नियम नव्हताच, असं होईल."

हट्ट दोघांचा सारखाच. मूठही सारखीच. मी धुळ्याला जाऊन पोरगा वाळलाय हे वहिनीला सांगितलं आणि तिला घेऊन पिंपळनेरला गेलो.

पंच देवळात बसले. चिंधाआबा आता काठी घेऊन चालत होते. मला या वेळी आत बसू दिलं. सुपडू उभा होता. विचारणं त्याच्याकडे नको म्हणून आबांनी विचारलं.

"धुरपदा, कानबाई कोन?"

"मना सासरनी म्हातारी."

पंच एकमेकांकडे बघायला लागले.

"देव शे का नही?"

"देव कसानी, आबा? देव रातभर मनासंगे जागस. हात ठनकना तर त्याले उठाडस मी. ती म्हातारी श्रावणमां येस, रोट खास, सोमवारले जास. पाव्हनी शे ती. पाव्हनीनं करनं पडस. म्हनीसन ती देव नही व्हत."

माझ्या घरी दर वर्षी बसणाऱ्या कानबाईला पाहुणी म्हटलेलं मला जरा टोचलं. पण विचार केला तर ती येते आणि जाते, हे खरंच आहे.

चिंधाआबांनी काठी आपटली. "झालं! देव नही म्हनी. आखो काय पाहिजे, शमुवेल?"

सुपडूने मान हलवली. चार वर्षांनी त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. त्याने आईचा हात धरायला हात पुढे केला.

"थांब," वहिनी म्हणाली. "मी मेजवर येत नही अजून."

"आता काय राहिलं, माय?"

"मडमनी मूठ राहनी. मी इसरनी नव्हती. नाव तोंडपर्यंत उनं आनि मी गिळी टाकं. रोटमां मानूस बाद करनं म्हंजे त्याले मारनं. तुम्ही चार वरीस कानबाईनं इचारतस. हाई कोनी इचारं नही."

ती उभीच होती. सुपडू उपदेश करणारा माणूस. मेजाकडे येण्याआधी ज्याच्याशी बिघडलं असेल त्याच्याशी नीट करून या, हे तो दर महिन्याला लोकांना सांगायचा. त्याने टोपी घातली आणि मोटारीच्या अड्ड्यावर गेला. धुळ्याची तिकिटं काढून आला. स्वतःचं, आईचं आणि माझं.

मडम आजारी होती. मिशनच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत पडून असायची. सुपडू दारात थांबला. वहिनी आत जाऊन जमिनीवर बसली. मडमने तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, तशी ती बसली, पण कडेवर.

"मी तुमले इसरनी नव्हती," वहिनी म्हणाली. "मुद्दाम तुमनं नाव टाकं नही."

"मला माहीत आहे, धुरपदाबाई." मडमचं मराठी नीट होतं, फक्त सावकाश. "मी पण तुम्हाला एक सांगते. रविवारी शमुवेल तुमच्याकडून परत यायचा ना, त्याच्या डोक्याला तेलाचा वास असायचा. मी लगेच त्याचे केस साबणाने धुवायला लावायची. उवा होतात, असं सांगायची. उवा नव्हत्या."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "पोऱ्या सांगे. म्हनीसन तर मी आखो जास्त तेल चोपडू."

मडम हसायला लागली आणि तिला खोकला आला. वहिनीने तिला उठवून पाणी पाजलं. खोकल्याचं तिला सगळं ठाऊक होतं. पाठीवर कुठे हात ठेवायचा तेही. मग तिने पदराची गाठ सोडली, बंगल्यातल्या बाईकडून ताट मागून घेतलं आणि मडमच्या समोर गहू मोजले. एक मूठ आणि वर पाव. मडमचं नाव मोठ्याने घेतलं. दारात सुपडू उभा होता. आत येऊन त्याने ताट उचललं आणि दळायला घेऊन गेला. उपदेशकाला दळता येत नव्हतं. पीठ भरड निघालं. भाकर वहिनीने केली. मडमने दोन घास खाल्ले, तिला तेवढेच जात होते. उरलेली आम्ही तिघांनी संपवली. वहिनीने मुलाच्या हातचं पाणी घेतलं.

पुढच्या रविवारी पिंपळनेरला तिने मेजावरचा तुकडा घेतला. मी ओट्यावरून पाहिलं.

त्यानंतर सुपडूने पंचांपुढे एक गोष्ट ठेवली. भाकरीचं पीठ एका घरातून का यावं? प्रत्येक घराने आपले गहू आणावेत. मात्र नावं घ्यायची नाहीत आणि सव्वा म्हणायचं नाही. पंचांना ते पटलं. वहिनीला विचारलं, चालेल का?

"मूठ ते मूठ," ती म्हणाली. "नाव मी मनमां लेसू. तठे कोन अडावस?"

"तिथे माझा अधिकार नाही," सुपडू म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

अडचण प्रमिलाची निघाली. भाकरीचा मान तिचा, आणि आता चाळीस माणसांचे गहू तिच्या घरच्या जात्यावर येणार. घरात दिवसभर बायकांची रीघ. "जातं माझं, अंगण माझं, आणि नाव सगळ्यांचं," ती वहिनीला तोंडावर म्हणाली. वहिनीला राग आला नाही. उलट तिला सुनेबद्दल पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं वाटलं. मला म्हणाली, "हाई तर मन्यासारखीच शे."

मग तिने मुकादमाकडे ठेवलेले पैसे मागून घेतले. म्हातारपणाला म्हणून ती ते जमवत होती. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर लागतील म्हणून. साक्रीच्या पाथरवटाकडे ती स्वतः गेली. त्याने छोटी जाती दाखवली, ती बघून वहिनी पुढे गेली. मागे एक मोठं होतं, एकटीला न फिरणारं. दोन बायका समोरासमोर बसून, एकाच खुंट्यावर दोघींचे हात धरून ओढल्याशिवाय ते हलत नाही. छोट्याच्या दुप्पट किंमत होती. तिने घासाघीस केली आणि तेच घेतलं.

ते गाडीत चढवायला आम्ही चौघं होतो. पिंपळनेरला उतरवायलाही चौघं लागलो. देवळाच्या भिंतीला लागून सुपडूने पडवी काढली आणि तिथे ते बसवलं. मंडळीच्या नावाचं, कोणा एकीच्या घरचं नाही. पहिल्या दिवशी एका बाजूला वहिनी बसली. समोर बसायला कोणी पुढे येईना. मग प्रमिला पदर खोचून आली.

वहिनी त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटी तिला रेचा झेपत नव्हता, तरी दोन हंगाम ती सरकी निवडायला गेली. त्या मजुरीतून तिने पाथरवटाला त्या जात्याला पुढची काही वर्षं टाकी लावण्याचे पैसे आगाऊ देऊन ठेवले. उन्हाळ्यात तो येतो, दळून गुळगुळीत झालेला दगड उलटा करतो, आणि छिन्नीने पुन्हा खडबडीत करून जातो.